यो-यो परत येत नाहीये? आत डोकावून बघा!

समजा, कॉलेज फेस्टच्या टॅलेंट राउंडला तुम्ही स्टेजवर आहात. ट्रिक मस्त जमली, यो-यो खाली भन्नाट फिरतोय, आता फक्त त्याला हातात परत बोलवायचंय. पण तो येतच नाही! दोरीच्या टोकाला नुसता लोंबकळतोय. तुम्हाला वाटतं, आपली प्रॅक्टिस कमी पडली. नाहीतर मग, 'गेला हा यो-यो, नवीन घ्यावा लागणार!' पैसे खर्च करण्याआधी जरा थांबा. दोष कदाचित तुमच्या हाताचा नाही, आतल्या एका मऊ रिंगचा आहे.

१९२८ साली पेड्रो फ्लोरेस या फिलिपिनो तरुणाने कॅलिफोर्नियात यो-यो बनवायला सुरुवात केली. त्याच्या यो-योची दोरी दांड्याला घट्ट बांधलेली नसायची, फास घालून नुसती अडकवलेली असायची. त्यामुळे यो-यो खाली जाऊन फिरत राहायचा. पुढे दांड्यावर बेअरिंग आलं आणि हे फिरणं आणखी वाढलं. पण बेअरिंग जितकं गुळगुळीत, तितकं यो-योला परत आणणं अवघड. म्हणून आजच्या ट्रिकवाल्या यो-योत 'बाइंड' करावा लागतो, म्हणजे दोरीचा वेढा फटीत सरकवायचा. तो वेढा पकडतात दोन्ही बाजूंचे सिलिकॉनचे रिस्पॉन्स पॅड. दोरी घासून घासून ते झिजतात, गुळगुळीत होतात आणि पकड सुटते.

पण लगेच पॅडवर खापर फोडू नका. आधी दोरी बदलून बघा. मग फटीत मोबाइलचा टॉर्च मारा. पॅडवर दोरीचा भुगा साचला असेल तर ओल्या फडक्याने पुसा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. उलट बाइंड न करताच यो-यो वर येत असेल, तर बेअरिंगमधला कचरा बघा किंवा एखादा पॅड सुटून बाहेर आलाय का ते तपासा.

पॅड खरंच गेला असेल तर बदलणं अगदी सोपं आहे. यो-योचे दोन भाग फिरवून उघडा, दोरी काढा. बेअरिंग हाताने हलवत निघालं तर बाजूला ठेवा, नाही निघालं तर पक्कड लावून झटापट नको. जुना पॅड टाचणीने उचलून सोलून काढा. खाचेत उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. ते बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नका. बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिक खराब होतं. खाच पूर्ण वाळू द्या.

नवीन पॅड घेताना माप बघा. बाहेरून १९ मिलीमीटरचा पॅड बऱ्याच यो-योंना चालतो, पण सगळ्यांना नाही. प्रॅक्टिकलमध्ये कंटाळत वापरलेला व्हर्नियर इथे कामाला येतो बघा! मागचा कागद काढून पॅड खाचेत सरळ बसवा आणि बोटाने गोल फिरवत दाबा. तो कडेच्या पातळीत किंवा किंचित आत बसला पाहिजे. वर आला तर दोरी अडकणार. चिकटत नाही म्हणून फेविक्विक लावलं, तर पुढच्या वेळी पॅड काढताना रडाल. आणि दोन्ही पॅड एकदमच बदला, नाहीतर एक बाजू पकडते आणि दुसरी घसरते.

नवा पॅड सुरुवातीला जरा जास्तच पकडतो. यो-यो अचानक वर उसळून बोटांवर आदळू शकतो, म्हणून पहिले काही थ्रो हळू टाका. थोडं खेळलात की तो रुळतो. मात्र हे काम स्पर्धेच्या आदल्या रात्री काढू नका, दोन-चार दिवस आधीच उरका.

इतके दिवस स्वतःच्या हाताला शिव्या घालत असाल, तर आज एकदा तो यो-यो उघडाच. कदाचित तुमचा बाइंड कधीपासूनच बरोबर येत असेल!