रिकाम्या फेऱ्यांचा खर्च

मेसेज क्यू म्हणजे प्रोग्रॅममधल्या निरोपांची रांग. एक प्रोग्रॅम निरोप रांगेत टाकतो, दुसरा सवडीने उचलून काम उरकतो. ही रांग एचटीटीपीवर चालत असली की एक अडचण येते. विचारल्याशिवाय सर्व्हर बोलत नाही. म्हणून घेणारा प्रोग्रॅम ‘काही आलं का?’ असं सतत विचारत राहतो. याला पोलिंग म्हणतात.

सेकंदाला एकदा विचारलं तरी दिवसाच्या विनंत्या ८६,४०० होतात. दहा प्रोग्रॅम असतील तर ८,६४,०००. मग दिवसभरात निरोप शंभरच का येईनात! ॲमेझॉनच्या एसक्यूएससारख्या सेवेत तर दर विनंतीमागे आकारणी होते, रिकाम्या उत्तराचीही. मिनिटातून एकदाच विचारावं, तर आलेला निरोप सरासरी अर्धा मिनिट पडून राहतो.

यावरचा उतारा म्हणजे लाँग पोलिंग. रांग रिकामी असेल तर सर्व्हर लगेच नकार देत नाही. विनंती धरून ठेवतो आणि निरोप येताच उत्तर देतो. एसक्यूएसमध्ये ही सोय २०१२ साली आली. तिथे जास्तीत जास्त २० सेकंद थांबता येतं, म्हणजे रिकाम्या रांगेसाठी दिवसाला ४,३२० विनंत्या पुरतात. आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. एसक्यूएसचे निरोप अनेक सर्व्हरवर विखुरलेले असतात. साध्या पोलिंगमध्ये त्यांतल्या काहींनाच विचारलं जातं, त्यामुळे निरोप असूनही हात हलवत परतावं लागू शकतं. लाँग पोलिंग सगळ्यांना विचारतं. शिवाय एका फेरीत दहापर्यंत निरोप उचलता येतात.

खाचखळगे मात्र आहेत. क्लायंटची टाइमआउट मर्यादा सर्व्हरच्या थांबण्यापेक्षा मोठीच हवी, नाहीतर उत्तर येण्याआधीच जोडणी तुटते. एकच थ्रेड अनेक रांगा पाळीपाळीने तपासत असेल, तर रिकाम्या रांगेपाशी तो अडकतो आणि भरलेल्या रांगा ताटकळतात. सर्वांत वाईट अवस्था बिघाडाच्या वेळी होते: एरर तत्काळ परत येते, थांबणं उरतच नाही आणि आधीच आजारी सर्व्हरवर विनंत्यांचा मारा सुरू होतो. म्हणून प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करत न्यावा, त्यात थोडी यादृच्छिकता मिसळावी, म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी परतत नाहीत. सर्व्हरने ‘रीट्राय-आफ्टर’ हेडर पाठवला असेल, तर तो पाळावा.

एसक्यूएसच्या नव्या रांगेत लाँग पोलिंगसाठी थांबण्याचा काळ मुळात शून्य सेकंद असतो. तो ज्याचा त्यानेच वाढवून घ्यावा लागतो.