रंगभूषा, चित्रपटातील

नटाच्या चेहऱ्यास भूमिकेला साजेसे रूप देऊन ते कॅमेरा, फिल्म व प्रकाशयोजना यांच्या गुणधर्मांशी जुळविण्याची कला. रंगमंचावरील रंगभूषा दूरच्या प्रेक्षकासाठी ठळक असते. चित्रपटातील समीपदृश्यात मात्र रंगाचा जाड थर किंवा टोपाची कडही उघडी पडते.

मराठी रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा होती. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. तत्कालीन ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगास जवळजवळ असंवेदनशील असे. त्यामुळे ओठांची लाली पडद्यावर काळी उमटे व सावळी त्वचा अधिकच गडद दिसे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पँक्रोमॅटिक फिल्म व तापदीप्त दिवे यांचा वापर वाढला. पुढे रंगीत फिल्म आली. अशा प्रत्येक बदलाबरोबर रंगांची निवड व मात्रा नव्याने ठरवावी लागली.

हे ज्ञान बहुधा हाताखाली काम करूनच मिळे. हॉलिवुडमध्ये जॉर्ज वेस्टमोर (१८७९–१९३१) याने १९१७ मध्ये चित्रपटनिर्मितीगृहातील पहिला रंगभूषा-विभाग सुरू केला व त्याचे सहाही मुलगे याच व्यवसायात शिरले. मराठी माणसांत ही परंपरा प्रामुख्याने गुरुशिष्यांची राहिली. बाबा वर्दम यांच्या हाताखाली तयार झालेले पंढरी जुकर (मृत्यू २०२०) हे तिचे ठळक उदाहरण होय. परदेसी (१९५७) या भारत–सोव्हिएट सहनिर्मितीच्या निमित्ताने त्यांना रशियात या विषयाचे शिक्षणही घेता आले. ‘पंढरीदादा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुकरांनी पुढे अनेक शिष्य घडविले.

मालाडचे बाँबे टॉकीज (१९३४), गोरेगावचे फिल्मिस्तान (१९४३) व अंधेरी परिसरातील निर्मितीगृहे यांमुळे मुंबईची उपनगरे या व्यवसायाचे केंद्र बनली. आरंभी रंगभूषाकार निर्मितीगृहाचा पगारी नोकर असे. ती पद्धती मोडल्यावर तो चित्रपटागणिक काम करू लागला आणि कामगार संघटनेचे सदस्यत्वपत्र हीच कामाची गुरुकिल्ली ठरली. या व्यवस्थेमुळे कारागिरास संरक्षण मिळाले. परंतु संघटनेच्या नियमानुसार रंगभूषाकार म्हणून केवळ पुरुषांना व केशभूषाकार म्हणून स्त्रियांना प्रवेश असल्याने, शिक्षण घेतलेल्या स्त्रीसही चेहरा रंगविण्याचे काम उघडपणे करता येत नसे. चारू खुराना विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची सदस्यत्वाची अटही न्यायालयाने अमान्य केली. ज्या कलेत एके काळी पुरुषाला स्त्रीरूप दिले जाई, तिच्यात स्त्रीला रंगभूषाकार म्हणून मान्यता मिळण्यास राजा हरिश्चंद्रपासून शंभरावर वर्षे लोटली.