ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट

मोटारीतील मागच्या किंवा शेजारच्या आसनापुढची मॅट सरकली, तर फार तर खालचे कार्पेट मळते. ड्रायव्हरची मॅट सरकली, तर तिच्या पुढ्यात क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर असतात. म्हणून ही मॅट किती जाड आणि किती देखणी यापेक्षा ती गाडीच्या तळाला कशाने धरून ठेवली आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. केवळ स्वतःच्या वजनावर पडून राहिलेली मॅट आज ना उद्या पुढे जातेच.

मॅट पुढे का जाते?

अ‍ॅक्सिलरेटर दाबताना टाच मॅटवर टेकलेली असते आणि पायाचा जोर पुढच्या दिशेने लागतो. पाय मागे घेताना मात्र तो बहुधा उचलूनच घेतला जातो. त्यामुळे मॅटला पुढे ढकलणारा जोर दिवसभर मिळत राहतो आणि मागे ओढणारा जवळजवळ मिळतच नाही. जोराचा ब्रेक लागला, की गाडीचा वेग कमी होतो, पण सैल मॅटची गती लगेच थांबत नाही. त्यातही ती पुढेच सरकते. चढता-उतरताना पाय घासला गेला, की ती तिरकी होते.

घर्षण कमी झाले, की हा प्रवास वेगाने होतो. पावसाळ्यात चपलांबरोबर आलेले पाणी मॅटच्या कडेने खाली उतरते आणि मॅट व कार्पेट यांच्यामध्ये ओल धरते. समुद्रकिनाऱ्यावरून आलेली वाळू मॅटखाली गेली, तर मॅटची पकड सुटते. मॅटच्या पाठीवर रबराचे बारीक दाते असतात. ते कार्पेटमध्ये रुततात म्हणून मॅट टिकून राहते. उन्हातान्हात रबर कडक होते, दाते झिजतात आणि मूळची पकड हळूहळू नाहीशी होते.

अडथळा तीन प्रकारचा

पहिला प्रकार सर्वांत घातक. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो, त्याची खालची कड मॅटच्या उंच कडेखाली किंवा खाचेत अडकते आणि पाय उचलल्यावरही पेडल वर येत नाही. वरून लोंबणाऱ्या पेडलमध्ये हा धोका विशेष असतो, कारण त्याचे खालचे टोक मोकळे असते. ओव्हरटेक करताना किंवा घाट चढताना पेडल तळापर्यंत जाते. नेमक्या अशाच वेळी ते अडकते.

दुसऱ्या प्रकारात मॅटची घडी ब्रेकच्या खाली जमा होते आणि ब्रेक पूर्ण खाली जात नाही. हळू चालवताना हे लक्षातही येत नाही, कारण तेव्हा ब्रेक थोडाच दाबावा लागतो. तिसऱ्या प्रकारात क्लच अर्धवट सुटतो. गिअर टाकताना खरखर होते आणि क्लचप्लेट विनाकारण झिजते. गिअर अडखळू लागले, तर गॅरेज गाठण्याआधी क्लचखाली एकदा पाहावे.

सॅन्टी येथील अपघात

मॅटचा प्रश्न जगभर गांभीर्याने घेतला जाऊ लागला तो एका अपघातानंतर. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोजवळच्या सॅन्टी येथे, लेक्सस ईएस ३५० ही गाडी ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत जाऊन आदळली आणि आतील चौघेही ठार झाले. गाडी चालवणारी व्यक्ती महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी होती. स्वतःची गाडी दुरुस्तीला दिली असताना बदली म्हणून मिळालेली ही गाडी होती. तपासात आढळले, की तिच्यात लेक्ससच्याच दुसऱ्या, मोठ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि ती हुकांमध्ये अडकवलेलीही नव्हती. त्याच गाडीत काही दिवस आधी दुसऱ्या एका ग्राहकाचाही अ‍ॅक्सिलरेटर मॅटमध्ये अडकला होता. त्याने ती सुखरूप थांबवली होती.

लेक्सस हा टोयोटाचाच ब्रँड. टोयोटाने २००७ मध्येच अशा सुमारे ५५ हजार मॅट परत मागवल्या होत्या. सॅन्टीनंतर, सप्टेंबर २००९ च्या अखेरीस, कंपनीने अमेरिकेतील सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरची मॅट काढून ठेवण्यास सांगितले. पुढे ही संख्या ५० लाखांच्या वर गेली. उपाय म्हणून अ‍ॅक्सिलरेटरचा आकार बदलून पेडल आणि तळ यांतील अंतर वाढवण्यात आले, मॅट बदलून देण्यात आल्या आणि अनेक मॉडेलमध्ये ब्रेकला प्राधान्य देणारी यंत्रणा बसवली गेली. या यंत्रणेत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले आढळले, की इंजिनाची शक्ती आपोआप कमी होते.

गाड्या आपोआप वेग घेतात त्यामागे इलेक्ट्रॉनिक बिघाड असावा, अशी शंका तेव्हा व्यक्त झाली. अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून तपासणी करून घेतली. फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत तसा बिघाड आढळला नाही. चिकटून राहणारे पेडल आणि मॅटमध्ये अडकणारे पेडल अशी दोन यांत्रिक कारणे मात्र कायम राहिली.

मॅट कशी निवडावी?

त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणि त्याच वर्षाच्या गाडीसाठी बनलेली मॅट घ्यावी. नवीन आवृत्तीत पेडलची जागा किंवा हुकांमधील अंतर बदललेले असू शकते. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ असे सांगून विकली जाणारी मॅट ड्रायव्हरच्या बाजूला टाळलेलीच बरी. कापून बसवायची असेल, तर पेडलकडची बाजू आखूड ठेवावी आणि कापलेली कड वर वळत नाही याची खात्री करावी.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत थ्रीडी, फाइव्हडी, सेव्हनडी अशा नावांनी मिळणाऱ्या जाड मॅट पायांखालची जवळजवळ सगळी जागा झाकतात. त्या बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात: कंपनीच्या हुकांसाठी मॅटला छिद्रे आहेत का, आणि जाडीमुळे पेडलखालची मोकळी जागा कमी होते का. हुक मॅटखाली दडपले गेले, तर त्यांचा काही उपयोग उरत नाही. अशा मॅटवर धूळ धरण्यासाठी आणखी एक नूडल मॅट टाकण्याची पद्धत आहे. ही वरची मॅट कशालाच बांधलेली नसते. धोका तिचाच असतो.

ती घट्ट कशी बसवावी?

बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या आसनापुढे तळातून वर आलेले एक किंवा दोन हुक किंवा फिरवून बंद होणाऱ्या खुंट्या असतात. मॅटची छिद्रे त्यांत नीट बसवावीत, फिरकी असेल तर ती पूर्ण फिरवावी आणि मॅट हाताने पुढे ओढून पाहावी. तुटलेला हुक सर्व्हिस सेंटरमधून लगेच बदलून घ्यावा.

हुकच नसतील, तर कार्पेटमध्ये रुतणारी दातेरी चकती आणि वरून बसणारे टोपण अशी जोडी बाजारात मिळते. ती मॅटच्या मागच्या भागात, आसनाच्या बाजूला बसवावी. व्हेल्क्रोची खरखरीत पट्टी मॅटच्या पाठीवर लावली, तर ती कार्पेटला धरते. तळ गुळगुळीत रेक्झिनचा असेल, तर धरत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ओलीने आणि उष्णतेने सुटते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. तळाला भोक पाडून स्क्रू तर मुळीच मारू नये. कार्पेटखालून वायरिंग गेलेले असते, तळाखालून इंधनाच्या नळ्या जाऊ शकतात आणि बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी तिथेच असते.

मॅट बसवल्यावर इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल एकेक करून तळापर्यंत दाबावीत आणि सोडावीत. कोणतेही पेडल मॅटला टेकता कामा नये. त्यानंतर मॅटची पुढची कड मुद्दाम पेडलच्या दिशेने ढकलावी आणि पुन्हा तीच चाचणी घ्यावी. या वेळी मॅट पेडलपर्यंत पोहोचली, तर बसवण्यात कसर राहिली आहे.

रोजच्या सवयी

गाडी धुऊन आली, की मॅट पुन्हा हुकांत बसवली आहे का, हे पाहूनच ती चालवावी. धुणारा माणूस मॅट काढतो, वाळवतो आणि नुसती टाकून देतो. कधी ती उलटीही पडते आणि दाते वर येतात. स्वच्छतेसाठी अंथरलेला कागद किंवा वर्तमानपत्र गाडी चालवण्यापूर्वी काढावे. मॅटवर आणि पेडलवर डॅशबोर्डचे पॉलिश लावू नये. त्यातील सिलिकॉनमुळे पृष्ठभाग निसरडा होतो. ड्रायव्हरच्या बाजूला एकावर एक दोन मॅट कधीच ठेवू नयेत. पाण्याची बाटली, काढून ठेवलेल्या चपला, छत्री यांनाही तिथे जागा नाही. ब्रेकखाली गेलेली बाटली मॅटइतकाच अडथळा करते.

पेडल अडकलेच तर?

नजर रस्त्यावरच ठेवावी. चालत्या गाडीत वाकून मॅट ओढू नये. ब्रेक एकदाच पूर्ण जोराने दाबावा आणि दाबूनच धरावा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिनाकडून मिळते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना ती पुरेशी तयार होत नाही आणि ब्रेक सोडून पुन्हा पुन्हा दाबला, तर उरलेला साठाही संपतो. मग ब्रेक दगडासारखा कडक लागतो.

त्याचबरोबर क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घ्यावा. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘एन’वर टाकावा. इंजिनाचा आवाज एकदम वाढेल, पण त्याची शक्ती चाकांपर्यंत पोहोचणार नाही. इंडिकेटर देत गाडी कडेला घेऊन थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. न्यूट्रल लागत नसेल तेव्हाच धावत्या गाडीचे इंजिन बंद करावे. तसे केल्यास स्टिअरिंग जड होते. किल्ली मात्र काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते. बटणाच्या गाडीत ते बटण अनेकदा काही सेकंद दाबून धरावे लागते. ही कृती आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतून आधीच वाचून ठेवावी.

गाडी थांबल्यावर मॅट बाहेर काढून डिकीत टाकावी आणि पुढचा प्रवास मॅटशिवाय करावा. पेडल तरीही सहज वर येत नसेल, तर दोष मॅटचा नाही. अशी गाडी न चालवता टो करून गॅरेजला न्यावी.