ठोका तोच, ठिणगी नवी

इंजिनात सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यातून १९६१पासून बाहेर पडलेल्या गाड्या या जोडीवरून लांबून ओळखू यायच्या. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत नवी ‘जावा’ सादर झाली तेव्हा ही जोडी जशीच्या तशी होती. बाकी जवळजवळ काहीच तसं नव्हतं. जुनी गाडी २४९ सीसीची, टू-स्ट्रोक, वाऱ्यावर थंड होणारी आणि सुमारे १२ अश्वशक्तीची. नवी २९३ सीसीची, फोर-स्ट्रोक, २७ अश्वशक्तीची आणि पाण्यावर थंड होणारी. तिचा रेडिएटर पुढच्या दोन नळ्यांच्या मध्ये काळा रंग देऊन लपवलेला, तर सिलिंडरवर जुन्या वळणाच्या पंखपट्ट्या मात्र ठळक दिसतील अशा.

या पुनरागमनाचा एक धागा अंधेरीपर्यंत येतो. जावा परत आणणाऱ्या ‘क्लासिक लेजंड्स’ कंपनीत महिंद्रा आणि अनुपम थरेजा यांच्याबरोबर बोमन इराणी आहेत. त्यांच्या ‘रुस्तमजी’ या बांधकाम समूहाचं मुख्य कार्यालय अंधेरी पूर्वेला आहे, आणि म्हैसूरचा कारखाना उभारणाऱ्या रुस्तम इराणींचे ते चिरंजीव.

कंपनीला कोरा कागद मिळाला. बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये वडिलांची बुलेट किंवा येझदी कव्हरखाली जपून ठेवलेल्यांना तो मिळत नाही. गाडी घोडबंदरपर्यंत विनातक्रार जायला हवी, घाटकोपरच्या सिग्नलला बंद पडायला नको, आणि तरीही ‘तीच’ वाटायला हवी. हे तीच वाटणं येतं कुठून, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी भौतिकशास्त्रात आहे.

जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. लांब धावेच्या या इंजिनाला जड फ्लायव्हील जोडलेलं असल्याने ते अगदी सावकाश फिरूनही बंद पडत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आयडलिंगला सेकंदाला साडेसात ठोके. सेकंदाला साधारण वीस ठोक्यांच्या आत आपला कान प्रत्येक ठोका सुटा ऐकतो. त्यापलीकडे ते मिसळून एक सूर होतो. बुलेटचं ‘फायरिंग’ मोजून घ्यावंसं वाटतं ते यामुळे. तेवढ्याच फेऱ्यांना टू-स्ट्रोक जावा सेकंदाला पंधरा ठोके देते, म्हणून तिचा आवाज वेगळा, चुरचुरीत. पिस्टनच्या वर-खाली होण्याने बसणारा हादरा हाही याच हिशेबातला. रॉयल एनफिल्डने २०२०पासूनच्या ३४९ सीसी इंजिनात तो मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट बसवला. जुन्या क्रँकला ती सोय नाही.

थोडक्यात, व्यास, धाव, फ्लायव्हील आणि सायलेन्सर यांना हात लावला की गाडी बदलते. त्यांच्याभोवतालचं बरंच काही मात्र बिनदिक्कत बदलता येतं.

पहिला मान विजेचा. जुन्या गाड्यांपैकी कित्येकींची वायरिंग ६ व्होल्टची. ३५ वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर करंट ओढतो, १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. वायरमध्ये उष्णतेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे हे नुकसान एकचतुर्थांशावर येतं. खाऱ्या, दमट हवेत हिरवट पडलेल्या जोडांच्या शहरात हा फरक रात्रीच्या रस्त्यावर लख्ख दिसतो. त्यासाठी कॉइल, रेग्युलेटर, बॅटरी आणि बल्ब बदलावे लागतात. हे सगळं साइडकव्हरच्या आणि काचेच्या आत राहतं.

ठिणगीचं प्रकरण जरा नाजूक. जुन्या पद्धतीत ‘पॉइंट’ उघडले की प्लगला ठिणगी मिळते. पॉइंटची टोकं झिजतात, जळतात, पावसात ओलावतात आणि टायमिंग हलतं. त्याऐवजी चुंबकीय सेन्सरवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की घासणारा भागच उरत नाही. पण बुलेट सुरू करण्याचा जुना शिरस्ता याच पॉइंटवर उभा आहे. चावी फिरवून किक हळूहळू दाबायची. पॉइंट मिटलेले असताना अ‍ॅमीटरचा काटा डावीकडे झुकतो, ते उघडताच मध्यावर येतो. म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला पोचला. मग डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक किंचित पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा आणि पूर्ण लांबीची एकच किक मारायची. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये काट्याची ही खूण बहुधा हरवते. गाडी सहज सुरू होते, फक्त काट्याशी होणारा संवाद संपतो. म्हणून काही मालक नवे पॉइंट आणि चांगला कंडेन्सर टाकून जुनंच चालवतात.

ब्रेकमध्ये असा पेच नाही. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग असेल तर थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पुढचा रिक्षावाला अचानक थांबतो तेव्हा हे गणित हाताला कळतं. डिस्क ब्रेक बसवला तर पुढचं चाक आणि फोर्क दोन्हींचं रूप बदलतं. त्यापेक्षा ड्रम खरादून गोल करणं, चांगलं लायनिंग चढवणं आणि पूर्ण टेकेल असं ते घासून बसवणं, एवढ्यानेही ब्रेक सुधारतो. दोन्ही शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर अधिक दाबले जातील अशी रचना असेल तर आणखी.

सगळ्यात ताजी अडचण पेट्रोल पंपावर उभी आहे. आता सर्रास मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांचा संगणक हे जुळवून घेतो. कार्बुरेटरला अक्कल नसते. तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ पडतं आणि अंधेरी-कुर्ला रोडच्या कोंडीत वाऱ्यावर थंड होणारं इंजिन जास्तच तापतं. उपाय स्वस्तातला आहे: मेन जेट एक-दोन नंबर मोठा करायचा आणि प्लगचा रंग पाहायचा. टोक पांढुरकं असेल तर पेट्रोल अजून कमी, काळं काजळलेलं असेल तर जास्त, विटकरी-तपकिरी असेल तर बेत जमला.

शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर उभ्या गाडीत पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी उतरतं, आणि पेट्रोल कॉक तर तळातूनच ओढतो. त्यासाठी पाइप आणि सील व्हायटनसारख्या फ्लोरोकार्बन रबराचे घालावेत आणि जूनआधी टाकी रिकामी करावी.

गाडीचा गाभा आणि बदलता येणारे भाग यांच्यामधली कायद्याची रेषाही साधारण याच ठिकाणाहून जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेला आणि आरसी बुकात नोंदलेला तपशील मालकाला मनाप्रमाणे बदलता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे अधोरेखित केलं. २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र ‘विंटेज’ नोंदणी आणली. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर दहा वर्षांसाठी मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. ती रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज घाटकोपर स्टेशनला सोडायला नाही.

रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच ठेवून, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या आरटीओत नूतनीकरण करावं लागतं. तिथे चासी नंबर आणि क्रँककेसवर ठोकलेला इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतात. तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चांगलं सुट्टं इंजिन नजरेला पडलं, तरी ते उचलण्यापेक्षा आपल्याच क्रँककेसमध्ये नवे बेअरिंग आणि ओव्हरसाइज पिस्टन घालून घेणं सोयीचं. त्यात नंबर शाबूत राहतो, आणि ९० मिलिमीटरची धावही.