पहिल्या पसंतीत मागे, तरीही विजयी!

पोटनिवडणूक म्हणजे सरकारवरचा राग काढायची संधी, असं आपण मानतो. पण दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यात २०२४ मध्ये उलटंच घडलं!

माजी प्रीमियर स्टीव्हन मार्शल यांच्या राजीनाम्यामुळे ॲडलेडमधल्या डन्स्टन मतदारसंघात २३ मार्चला मतदान झालं. (प्रीमियर म्हणजे तिथला मुख्यमंत्री.) लिबरल पक्षाची ही जागा सत्ताधारी लेबरच्या क्रेसिडा ओ'हॅन्लन यांनी अगदी थोडक्यात जिंकली. या राज्यातल्या पोटनिवडणुकीत सरकारने विरोधकांची जागा हिसकावण्याची ही १९०८ नंतरची पहिलीच वेळ.

गंमत पुढे आहे. पहिल्या पसंतीच्या मतांत लिबरल उमेदवार पुढे होत्या! पण तिथे मतदार एकच शिक्का मारत नाही. सगळ्या उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो. मागे पडलेले उमेदवार बाद होतात आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. ग्रीन्स पक्षाच्या मतदारांपैकी बहुतेकांची पुढची पसंती लेबरला होती आणि पारडं फिरलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्लॅक मतदारसंघही लेबरने पोटनिवडणुकीत लिबरलकडून घेतला.

मला ही पद्धत मनापासून आवडते. आवडता उमेदवार हरला, तरी तुमचं मत वाया जात नाही.

तुम्हाला काय वाटतं?

#निवडणूक #ऑस्ट्रेलिया