मार्झिपान

मार्झिपान हा सोललेले बदाम व साखर वाटून केलेला, हाताने वळता येईल असा मऊ पण घट्ट गोळा होय. मिठाई म्हणून तो नुसता खाल्ला जातो. तसेच केकवर आच्छादन घालण्यासाठी आणि फळे, फुले, प्राणी यांच्या लहान आकृत्या घडविण्यासाठी वापरला जातो. गोव्यात आणि मुंबई परिसरातील ख्रिस्ती समाजात मार्झिपान प्रामुख्याने काजूचे केले जाते. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला हा पदार्थ काजूकतलीचा जवळचा नातलग वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे, तो पुढे दिला आहे.

नाव आणि प्रसार

शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार त्याचा संबंध म्यानमारमधील मर्तबान या बंदराशी आहे. तेथून निर्यात होणाऱ्या बरण्यांमुळे हिंदी-उर्दूत ‘मर्तबान’ हा शब्द बरणी या अर्थाने रुळला. युरोपात स्पेनमधील तोलेदो आणि जर्मनीतील ल्यूबेक ही शहरे मार्झिपानसाठी प्रसिद्ध असून दोन्ही ठिकाणच्या मार्झिपानला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. सिसिलीतील पालेर्मो येथे मार्तोराना मठाच्या नावाने ओळखली जाणारी मार्झिपानची रंगीत फळे हा या कलेचा सर्वांत देखणा नमुना म्हणता येईल.

गोवा व मुंबईतील काजूचे मार्झिपान

काजूचे झाड मूळचे ब्राझीलमधील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले. बदाम बाहेरून आणावा लागे आणि तो महाग पडे. काजू मात्र कोकणपट्टीच्या डोंगरउतारांवर सहज फोफावला. परिणामी पदार्थाचे नाव व रीत युरोपीय राहिली आणि मुख्य घटक स्थानिक झाला. नाताळात शेजारीपाजारी वाटल्या जाणाऱ्या ‘कुस्वार’ या फराळात दोदोल, नेवऱ्या यांच्या सोबतीला साच्यातून काढलेली मार्झिपानची फळे असतात. मुंबईतील ईस्ट इंडियन व गोवेकर कुटुंबांत ईस्टरला मार्झिपानची अंडी करण्याची प्रथा आहे. त्यांवर आयसिंगची नक्षी काढली जाते.

काजू ही केवळ तडजोड मानणे योग्य नाही. काजूचा लगदा बदामापेक्षा पांढरा आणि मऊ होतो, म्हणून रंग स्वच्छ उठतात. काजूत स्टार्चचे प्रमाणही बरेच जास्त असल्याने शिजविल्यावर गोळा चांगला बांधला जातो. उणीव एवढीच की बदामाचा विशिष्ट सुगंध त्यात नसतो. तो बदामाच्या अर्काने किंवा गुलाबजलाने भरून काढतात. काजू वाटायचाच असल्याने अखंड काजूऐवजी स्वस्त तुकडा काजू घेतला तरी चालतो.

कृती

घरगुती प्रमाण साधारणतः वजनाने सारखे काजू व पिठीसाखर असे असते; २५० ग्रॅम काजूस एका अंड्याचा पांढरा भाग व एक-दोन चमचे गुलाबजल पुरते. काजू भिजवलेले असोत वा कोरडे, यंत्रात थांबत-थांबत वाटावे लागतात. सलग वाटल्यास पाते तापते, तेल सुटते आणि गोळा तेलकट होऊन फुटू लागतो. थोडी साखर वाटतानाच घातल्यास ती हे तेल काही अंशी धरून ठेवते. नंतर मिश्रण मंद आचेवर सतत ढवळत शिजवितात. ते भांड्याच्या कडा सोडू लागले की उतरवून, कोमट असतानाच थोडे मळतात. जास्त शिजल्यास थंड झाल्यावर ते ठिसूळ होते. कमी शिजल्यास साच्याला चिकटते.

केक सजावटीतील उपयोग

ख्रिस्ती विवाहातील व नाताळातील सुक्यामेव्याच्या गडद केकवर पांढरे रॉयल आयसिंग थेट लावल्यास केकमधील ओलावा व रंग वर झिरपून पिवळे डाग पडतात. मार्झिपानचा थर हा झिरपा अडवितो आणि केकचे खड्डे-उंचवटेही झाकतो. केकला प्रथम गरम करून गाळलेल्या जर्दाळूच्या जॅमचा पातळ हात देतात. त्यावर पिठीसाखर भुरभुरून लाटलेली सुमारे ५ मिलिमीटर जाडीची पोळी बसवितात. लाटताना मक्याचे पीठ टाळतात, कारण ते थराखाली ओलसर राहिल्यास आंबण्याचा संभव असतो. आच्छादित केक एक-दोन दिवस उघडा सुकू दिल्यावरच वरचे आयसिंग करतात. घाईत हा टप्पा गाळणे हे डागांचे नेहमीचे कारण होय.

आकृत्यांसाठी द्रवरूप रंगापेक्षा जेल रंग बरे, कारण द्रवाने गोळा सैल पडतो. संत्र्याची खरखरीत साल दाखविण्यासाठी गोळी बारीक किसणीवर फिरवितात आणि देठाच्या जागी लवंग खोचतात.

हवामानाचा परिणाम

मार्झिपान कोकणात आणि विदर्भात वेगवेगळ्या रीतीने बिघडते. किनाऱ्यावरील दमट हवेत साखर ओलावा ओढते व आकृत्या घामेजतात. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या घरात जाते व हवा कोरडी असते. तेथे मळलेला गोळा उघडा राहिल्यास काही मिनिटांत पापुद्रा धरतो आणि वळताना तडकतो. तडकलेला गोळा पाण्याने नव्हे, तर अंड्याच्या पांढऱ्या भागाचे किंवा ग्लुकोज सिरपचे काही थेंब घालून मळतात. काम नसलेला भाग प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळून ठेवतात आणि लाटणे पहाटे किंवा रात्री उरकतात.

आहारविषयक बाबी

काजूकतली साखरेच्या पाकात होते. तिच्यात अंडे नसते. पारंपरिक मार्झिपानमध्ये ते असते, आणि दिसण्यावरून हा भेद कळत नाही. भारतीय अन्न नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो, म्हणून वेष्टित मार्झिपानवर तपकिरी खूण असावी लागते. सुटे विकत घेताना विचारून घेणे हाच उपाय आहे. अंड्याऐवजी ग्लुकोज सिरप किंवा साखरेचा पाक वापरून शाकाहारी मार्झिपानही करता येते. न शिजविलेल्या कृतीत कच्च्या अंड्यामुळे साल्मोनेला जिवाणूंचा धोका राहतो. गर्भवती स्त्रिया, लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी शिजविलेलेच मार्झिपान योग्य.

सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींस केकवरील लहानशी आकृतीही अपायकारक ठरू शकते. बदामाची ॲलर्जी असलेल्यांस काजूचे मार्झिपान आपोआप सुरक्षित ठरत नाही, कारण एकाच व्यक्तीस दोहोंची ॲलर्जी असू शकते. शिवाय काजूच्या मार्झिपानमध्ये बदामाचा अर्क घातलेला असण्याची शक्यता असते.