अंबड : अक्षरं तीन, तुकडे दोन

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की काही पोरं इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. वहीत इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवलेले, आणि दर बॅचला तोच सिद्धांत : "सर, जितकी अक्षरं तितके सिलेबल. में-टे-न-न्स, चार!"

नाही रे बाबांनो, तीन.

आधी आपल्या अंबडचंच घ्या. लिहायला अं-ब-ड, तीन अक्षरं. म्हणताना? अं-बड, दोनच तुकडे. शेवटच्या 'ड'मधला 'अ' आपण गिळतो. 'कमळ'सुद्धा लिहितो तीन अक्षरी, म्हणतो क-मळ. जी मोजणी मराठीतच टिकत नाही, ती इंग्रजीत काय टिकणार? सिलेबल म्हणजे ऐकू येणाऱ्या एका स्वराभोवतीचा तुकडा. वही मिटा, कान उघडा : मेन-ट-नन्स. हायड्रॉलिक वहीत पाच अक्षरी, तोंडात हाय-ड्रॉ-लिक. 'स्ट्रेंग्थ'च्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं, तुकडा एकच.

जोरही वहीत दिसत नाही. इन-डस-ट्री म्हणताना तो 'इन'वर. शेपटी लागून इन-डस-ट्रि-अल झालं की सरकून 'डस'वर. शन, इक, इटी या शेपट्या असल्या की जोर बहुधा त्यांच्या लगेच आधी : कॅलिब्रेशनमध्ये 'ब्रे'वर, हायड्रॉलिकमध्ये 'ड्रॉ'वर, इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'वर. पॉलिटिक्स आणि टेलिव्हिजन मात्र अपवाद, दोन्हींत जोर पहिल्या तुकड्यावर.

आता किरकोळ गैरसमज.

"जोर कुठेही द्या, समजतं." संशोधक जॉन फील्ड यांनी २००५ साली 'टेसॉल क्वार्टर्ली' या नियतकालिकात दाखवलं, की जोर चुकला, विशेषतः पुढच्या तुकड्यावर ढकलला, की ऐकणाऱ्याला शब्द ओळखणं जड जातं.

"शब्दकोशातले ठिपके म्हणजे सिलेबल." मेरियम-वेबस्टर कोश स्वतःच सांगतो, की ते ठिपके म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द तोडायच्या जागा आहेत. 'अबाउट'मध्ये ठिपका नाही, सिलेबल मात्र दोन.

"कोशातली छोटी उभी रेघ जोराच्या तुकड्यानंतर येते." ऑक्सफर्डच्या कोशात आधी येते.

"जोर म्हणजे ओरडणं." नव्हे. तो तुकडा जरा लांबतो, ठसठशीत होतो. बाकीचे स्वर पुसट होतात. म्हणून तर मेंटेनन्समधल्या 'टे'चा 'ट' होतो.

परवा एकाने वहीतला 'मेंटेनन्स' तसाच ठेवला, त्याखाली तीन ठिपके काढले आणि पहिला गिरवून गडद केला. त्या दिवशी मी फळ्याला हात लावला नाही.